डॅनियल सेसलर, भूलशास्त्र आणि साइटेशनचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थिसिसच्या सिनॉप्सिसला जुंपलेले रेसिडेंट, बढतीच्या फायली जमवणारे शिक्षक आणि मधूनच ऑपरेशनची तारीख ठरलेल्या पेशंटचे नातेवाईक अशा तिघांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. उदाहरण मुद्दाम एकाच भूलतज्ज्ञाचं धरलं आहे. एका माणसाची कारकीर्द सलग पाहिली की आकड्यांचा खेळ लवकर उमगतो.

१. डॅनियल सेसलर कोण आहेत?

अमेरिकेतले भूलतज्ज्ञ आणि संशोधक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत असताना त्यांनी भूल आणि शरीराचं तापमान या विषयावर पायाभूत काम केलं. पुढे लुईव्हिलला गेले, मग बरीच वर्षं क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये होते आणि अलीकडे ह्यूस्टनला गेले. १९९० मध्ये त्यांनी ‘आउटकम्स रिसर्च’ हा संशोधकांचा गट उभा केला. तो आज अनेक देशांत पसरलेला आहे.

आपल्याकडे एमडी अ‍ॅनेस्थेशियाच्या थिसिसमध्ये स्पायनलनंतरची (पाठीत सुई देऊन दिलेल्या भुलीनंतरची) थरथर, म्हणजे शिव्हरिंग, हा सदाबहार विषय आहे. ती थांबवायला ट्रामाडॉल हे औषध चांगलं की डेक्समेडेटोमिडिन, यावरचे थिसिस काढून बघा. संदर्भसूचीत सेसलर हे नाव सापडलं नाही असं सहसा होत नाही.

२. भूलतज्ज्ञ ओटीत भूल देतो. त्यात संशोधन कसलं?

हा प्रश्न नातेवाईकच नाही, सर्जनसुद्धा विचारतात! भूल दिली की श्वास, रक्तदाब, वेदना, तापमान आणि भान या सगळ्यांवरचा शरीराचा ताबा एकदम सुटतो आणि तो दुसऱ्या कुणाला तरी धरावा लागतो. नेमकं काय सुटतं, किती सुटतं आणि त्याची किंमत पेशंटला ऑपरेशननंतर आठ दिवसांनी किंवा महिन्याने मोजावी लागते का, इथे संशोधन सुरू होतं. सेसलर यांच्या गटाच्या नावातच ‘आउटकम्स’ आहे. मॉनिटरवर काय दिसलं यापेक्षा पेशंटचं पुढे काय झालं, हा त्यांचा रोख.

३. भूल दिल्यावर अंग गार का पडतं? ओटीतला एसी हेच कारण ना?

एसी मदत करतो, पण पहिल्या तासातला मुख्य आरोपी तो नाही.

एरवी आपलं शरीर गाभ्याचं, म्हणजे डोकं, छाती आणि पोट यांच्या आतलं, तापमान अगदी काटेकोर सांभाळतं. अंदाजे ०.२ ते ०.४ अंश सेल्सिअस एवढाच फरक ते खपवून घेतं, त्यापुढे घाम तरी येतो नाहीतर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. जनरल अ‍ॅनेस्थेशियात ही मोकळीक २ ते ४ अंशांपर्यंत वाढते. म्हणजे गाभा ३५ अंशांवर आला तरी शरीर निवांत पडून असतं.

आता घटनाक्रम बघा. भूल चढते तशा हातापायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि छातीपोटातलं गरम रक्त थंड हातापायांकडे वाहू लागतं. शरीरातली एकूण उष्णता फारशी कमी होत नाही, तिची फक्त जागा बदलते. १९९५ मध्ये सेसलर यांच्या गटाने स्वयंसेवकांना भूल देऊन, हातापायांत ठिकठिकाणी तापमान मोजून याचा हिशेब मांडला. पहिल्या तासात गाभ्याचं तापमान १.६ अंशांनी उतरलं आणि त्यातला ८१ टक्के भाग या फेरवाटपाचा होता. पुढचे दोन-तीन तास उतार मंद असतो, कारण तेव्हा शरीर तयार करतं त्याहून जास्त उष्णता बाहेर जात असते. मग साधारण साडेचौतीस अंशांच्या आसपास रक्तवाहिन्या पुन्हा आकसतात आणि आलेख सपाट होतो.

इंडक्शननंतर, म्हणजे भूल चढवल्यानंतर, लगेच गरम हवेचं ब्लँकेट लावूनही पहिल्या तासात आकडा खाली का येतो, याचं उत्तर इथे आहे. ब्लँकेट त्वचेला ऊब देतं, पण आतून बाहेर निघालेला लोंढा त्याला थोपवता येत नाही. इंडक्शनआधीच हातपाय गरम करून ठेवले तर फरक पडतो. प्री-वॉर्मिंगची कल्पना इथूनच आली.

४. सगळे ‘१९९६ चा पेपर’ म्हणतात. त्यात असं काय आहे?

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला हा पेपर. पहिल्या लेखिका आंद्रेआ कुर्त्स, दुसरे सेसलर. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचे २०० पेशंट दोन गटांत वाटले. एका गटाला नीट गरम ठेवलं, त्याचं तापमान सरासरी ३६.६ अंश राहिलं. दुसऱ्या गटाचं ३४.७ पर्यंत उतरलं. गरम गटातल्या १०४ पैकी ६ जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. थंड गटात ९६ पैकी १८ जणांच्या, म्हणजे १९ टक्क्यांच्या. थंड गटाला इस्पितळातही सरासरी अडीच दिवस जास्त राहावं लागलं.

तीनपट फरक, तोही अँटिबायोटिकचा खर्च न वाढवता, नुसती ऊब देऊन! सर्जन, इन्फेक्शन कंट्रोलवाले आणि हॉस्पिटल प्रशासक या सगळ्यांनी तो उचलला. भूलशास्त्राबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचलेला पेपर, म्हणून साइटेशनही, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरमधले त्याचे संदर्भही, भूलशास्त्राबाहेरून आली. त्याच्या आगेमागे आणखी काही निकाल आले. १९९६ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये, सेसलर यांचाच सहभाग असलेल्या अभ्यासात, हिप रिप्लेसमेंटच्या थंड पडलेल्या पेशंटचं रक्त जवळपास अर्धा लिटर जास्त गेलं. १९९७ मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय जर्नलमध्ये फ्रँक आणि सहकाऱ्यांनी ३०० पेशंटमध्ये हृदयाचे गंभीर त्रास गरम गटात १.४ टक्के, तर नेहमीच्या गटात ६.३ टक्के नोंदवले. २००८ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने ३६ अंशांच्या खाली जाऊ न देण्याची मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यामागे ही सगळी फळी उभी होती.

हा निकाल आजही जसाच्या तसा उभा आहे का, हे प्रश्न १० मध्ये.

५. साइटेशन म्हणजे नेमकं काय मोजतात? तीन ठिकाणी तीन आकडे का दिसतात?

दुसऱ्या कुणी आपल्या पेपरच्या संदर्भसूचीत तुमचा पेपर लिहिला की एक साइटेशन. स्तुतीसाठी लिहिला की खोडून काढण्यासाठी, हे मोजणारं यंत्र बघत नाही.

वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या माहितीसूची ठरावीक निवडलेली जर्नलं मोजतात. गुगल स्कॉलर थिसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट, कॉलेजच्या साइटवर टाकलेली पीडीएफ असं जाळ्यात येईल ते सगळं मोजतं, म्हणून त्याचा आकडा नेहमी फुगलेला असतो. बायोडेटात आकडा लिहिताना कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, हे सोबत लिहा. सेसलर यांचा आजचा आकडा आम्ही इथे देत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत तो जुना झालेला असेल.

६. एच-इंडेक्स कसा काढतात?

पेपर जास्त साइटेशनकडून कमीकडे लावा. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला निदान त्या क्रमांकाइतकी साइटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच. समजा एखाद्या लेक्चररचे पाच पेपर आहेत आणि साइटेशन ४०, १२, ६, ३, १. तिसऱ्या पेपरला तीनहून जास्त आहेत, चौथ्याला चार हवेत पण तीनच आहेत. एच-इंडेक्स ३.

ही कल्पना जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाची, २००५ सालची. सोपी आहे म्हणून पसरली. तिचे दोष मात्र सोपे नाहीत. हा आकडा कधीच उतरत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढतो, पेपर चुकीचा ठरला तरी जागेवर राहतो. वरच्या उदाहरणात ४० च्या जागी ४००० असते तरी एच ३ च. आणि लेखकांच्या यादीत तुम्ही पहिले आहात की तेविसावे, याचा त्याला पत्ता नसतो (प्रश्न ७).

७. १९९६ च्या पेपरमध्ये सेसलर दुसरे आहेत. मग श्रेय कुणाचं?

दोघांचंही, आणि बाकीच्यांचंही. वैद्यकीय पेपरमध्ये सर्वसाधारण रिवाज असा की पहिलं नाव प्रत्यक्ष राबलेल्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. मधल्यांबद्दल काहीच छातीठोक सांगता येत नाही. मोठ्या बहुकेंद्री ट्रायलमध्ये तर लेखकांची यादी लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’सारखी लांबत जाते. अशा एका ट्रायलमध्ये नाव असलेल्याला हजारो साइटेशन मिळतात आणि एकट्याने एखादं शरीरशास्त्रीय कोडं सोडवणाऱ्याला चाळीस.

म्हणून कुणाचीही कारकीर्द पाहताना त्या व्यक्तीचे पहिले आणि शेवटचे लेखक म्हणून आलेले पेपर वेगळे काढून बघा. सेसलर यांच्या यादीत दोन्ही प्रकार भरपूर आहेत.

८. स्वतःचेच पेपर साइट करणं ही लबाडी आहे का?

नेहमी नाही. जो माणूस दहा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहे त्याला स्वतःची आधीची पद्धत सांगायची तर स्वतःलाच साइट करावं लागतं. शंका कधी घ्यावी? स्वतःची साइटेशन काढून टाकल्यावर आकडा निम्म्यावर आला, किंवा चार सहकारी एकमेकांनाच आळीपाळीने साइट करताना दिसले, तर.

९. कार्डिऑलॉजीवाल्यांचा आकडा नेहमी मोठा असतो. भूलतज्ज्ञ मागे का?

वाचणारे आणि लिहिणारे कमी, म्हणून साइट करणारेही कमी. वेगवेगळ्या शाखांतले एच-इंडेक्स शेजारी ठेवणं निरर्थक आहे. एकाच शाखेत, एकाच वयोगटात तुलना करा.

इम्पॅक्ट फॅक्टरचं प्रकरण वेगळं आहे. तो जर्नलचा आकडा आहे, लेखाचा किंवा लेखकाचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती साइटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. थोड्या गाजलेल्या लेखांमुळे सरासरी वर जाते आणि त्याच अंकातला कधीच साइट न झालेला लेखही त्या उजेडात उभा राहतो. मुलाखतीत ‘माझा इम्पॅक्ट फॅक्टर अमुक’ असं कुणी सांगितलं तर समोरचे तज्ज्ञ हसू दाबतात, हे ध्यानात ठेवा.

१०. मग १९९६ चा निकाल आजही खरा मानायचा का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि ही कारकीर्द उदाहरणाला निवडण्याचं कारणही हेच.

२०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये ‘प्रोटेक्ट’ ट्रायल आली. पहिले लेखक स्वतः सेसलर. चीनमधली १२ इस्पितळं आणि क्लीव्हलँड क्लिनिक मिळून पाच हजारांहून जास्त पेशंट, हृदयाव्यतिरिक्त मोठ्या शस्त्रक्रियांचे. एका गटाचं तापमान ३७ अंशांवर ठेवायचं, दुसऱ्याचं ३५.५ वर. हृदयाला इजा, हृदय बंद पडणं किंवा मृत्यू हे तीस दिवसांतले निकाल एकत्र मोजले. गरम गटात ९.९ टक्के, थंड गटात ९.६. जखमेच्या संसर्गातही म्हणण्यासारखा फरक नाही.

इथे दोन प्रकारचे लोक घसरतात. एक म्हणतो, १९९६ चं खोटं ठरलं, वॉर्मर काढून ठेवा. दुसरा म्हणतो, नवीन ट्रायल चिनी पेशंटची, आपल्याला लागू नाही. दोघांनीही आकडे नीट पाहिलेले नसतात. १९९६ चा थंड गट ३४.७ वर होता, २०२२ चा ३५.६ च्या आसपास. साडेपस्तीसच्याही खाली गेल्यावर काय होतं, हे नव्या ट्रायलने तपासलेलंच नाही. तिने एवढंच सांगितलं की साडेपस्तीसपर्यंत उतरलेल्या पेशंटला सदतीसवर नेण्यासाठी आटापिटा केल्याने मोठे त्रास कमी होत नाहीत. शिवाय मधल्या पंचवीस वर्षांत अँटिबायोटिक देण्याची वेळ, शस्त्रक्रियेची तंत्रं, सगळंच सुधारलेलं आहे. २०० पेशंटच्या अभ्यासात तीनपट फरक दिसला तर तो थोडा फुगलेला असण्याची शक्यता कायम असते, हेही आहेच.

थिसिसमध्ये लिहायचं असेल तर दोन्ही पेपर लिहा आणि दोन्हीतलं तापमान आकड्यात लिहा. ‘हायपोथर्मियामुळे संसर्ग वाढतो’ एवढं मोघम वाक्य परीक्षकाच्या हातात कोलीत देतं.

११. स्वतःचाच निकाल स्वतः तपासून पाहणं, हे त्यांच्या बाबतीत एकदाच घडलं का?

नाही. ही त्यांची खोडच दिसते, आणि आमच्या मते कुठल्याही एच-इंडेक्सपेक्षा मोलाची.

ऑक्सिजनचं बघा. २००० मध्ये त्यांच्या गटाने न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दाखवलं की आतड्याच्या शस्त्रक्रियेत ३० ऐवजी ८० टक्के ऑक्सिजन दिला तर जखमेचा संसर्ग ११.२ वरून ५.२ टक्क्यांवर येतो. पेशंट ५००. जगभर चर्चा झाली. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या १४०० पेशंटच्या ‘प्रॉक्सी’ ट्रायलमध्ये फरक दिसला नाही. मग क्लीव्हलँडमध्ये कुर्त्स, सेसलर आणि मंडळींनी वेगळीच युक्ती केली. आतड्याच्या शस्त्रक्रियांच्या ओटींमध्ये दोन आठवडे ८० टक्के, पुढचे दोन आठवडे ३० टक्के, असं आलटून पालटून चालवलं आणि ५७४९ शस्त्रक्रिया मोजल्या. फरक नाही. २०१८ मध्ये त्यांनीच ते छापलं. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ८० टक्के ऑक्सिजनची ठाम शिफारस केली होती. पुढे ती ‘सशर्त’ करावी लागली.

स्तनाच्या कर्करोगाची कथा याहून बोलकी आहे. २००६ मध्ये डब्लिनमधल्या १२९ जुन्या केसपेपरांवरून, सेसलर सहलेखक असलेला अभ्यास आला. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक, म्हणजे मणक्याशेजारी सुई देऊन छातीचा भाग बधिर करणारी भूल, दिलेल्या बायकांमध्ये कर्करोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसत होतं. तीन वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या ९४ टक्के, एरवी ७७. कॉन्फरन्समध्ये ‘भूलतज्ज्ञ कर्करोग बरा करतो’ अशा थाटाची भाषणं रंगू लागली. सेसलर यांनी आठ देशांत ट्रायल लावली आणि दोन हजारांहून जास्त बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: दोन्ही गटांत कर्करोग उलटण्याचं प्रमाण १० टक्के. खेळ खलास.

आणि ‘ट्रिपल लो’. रक्तदाब, बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल आहे ते सांगणारा आकडा) आणि भुलीच्या वायूची मात्रा ही तिन्ही एकाच वेळी कमी असतील तर मृत्यू वाढतात, असं २०१२ मध्ये २४ हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदींवरून त्यांनी मांडलं. मग अशी वेळ आली की भूलतज्ज्ञाला सूचना देणारी यंत्रणा बसवून साडेसात हजार पेशंटमध्ये ट्रायल घेतली. सूचना देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. २०१९ मध्ये तेही छापलं.

१२. नवा निकाल उलटा आला की जुन्या पेपरची साइटेशन थांबतात का?

अजिबात नाही. गोड निकाल दिलेला पेपर लोकांच्या संदर्भसूचीत मुरलेला असतो, आणि बरेच जण पेपर न वाचता दुसऱ्याच्या सूचीतून उचलतात. त्यामुळे एकाच संशोधकाच्या खात्यात जुना ‘हो’ही साइटेशन जमवत राहतो आणि नवा ‘नाही’ही. एच-इंडेक्सला दोन्ही सारखेच.

१३. एखाद्याचं काम सगळे वापरतात, पण साइट कुणीच करत नाही, असं होतं का?

होतं. भूलशास्त्रातलं ठळक उदाहरण व्हर्जिनिया अ‍ॅपगार. कोलंबिया विद्यापीठातल्या या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळ तपासण्याची पाच निकषांची पद्धत १९५३ मध्ये छापली. आज खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही बाळाच्या कागदावर ‘अ‍ॅपगार’ लिहितात, पण लिहिणारी सिस्टर काही संदर्भ देत नाही. पेपरला साइटेशन पुष्कळ आहेत, तरी वापराच्या मानाने ती नगण्यच. कल्पना इतकी सर्वांची होते की मूळ लेखाची आठवण पुसली जाते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं.

श्वासनलिकेत नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज देणाऱ्या मल्लमपाटी क्लासचंही तेच. आपल्या आंध्रातून बॉस्टनला गेलेले शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी १९८५ मध्ये २१० पेशंटवरून तोंड उघडून घसा बघायची ही खूण छापली, तेव्हा वर्ग तीनच होते. चौथा १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग यांनी जोडला. तुम्ही पीएसी (ऑपरेशनआधीच्या भूल-तपासणीच्या) फॉर्मवर ‘एमपी फोर’, म्हणजे मल्लमपाटीचा चौथा वर्ग, लिहिता तेव्हा खरं तर सुधारित पद्धत वापरत असता. थिसिसमध्ये चार वर्ग वापरून फक्त १९८५ चा संदर्भ देणं ही व्हायवात हमखास पकडली जाणारी गफलत आहे.

१४. ‘जगातल्या पहिल्या २ टक्के शास्त्रज्ञांत निवड’ अशी बातमी येते. ही निवड कोण करतं?

कुणी निवडत नाही, अर्जही नसतो. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून एक मिश्र गुणांक काढतात. त्यात एकूण साइटेशन आणि एच-इंडेक्ससोबत एकट्याने, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून केलेल्या कामालाही वजन असतं. याद्या दोन असतात: संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. बातमीत कुठली हे क्वचितच लिहिलेलं असतं. सत्कार करण्याआधी तेवढं विचारा.

१५. माझं नाव ‘एस. पाटील’. माझी साइटेशन भलत्याच्याच खात्यात जातात. काय करू?

पाटील, जोशी, देशमुख, कुलकर्णी मंडळींची ही कायमची तक्रार आहे. त्यात मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. लग्नाआधीचे तीन पेपर एका आडनावाने, नंतरचे दुसऱ्या. सेसलर यांच्यासारख्या दुर्मीळ आडनावाच्या माणसाला हा त्रास नाही.

ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढा. फुकट मिळतो, सोळा अंकी असतो, आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. पहिल्याच पेपरपासून द्या. नाव छापण्याची एकच पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. स्कोपसमध्ये तुमची दोन खाती झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती तिथेच करता येते.

१६. बढतीसाठी एच-इंडेक्स लागतो का?

वैद्यकीय महाविद्यालयांत पेपर किती, तुम्ही कितवे लेखक आणि जर्नल मान्य सूचीत आहे का, हे बघतात. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या वेळी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचं ताजं परिपत्रक वाचा. ‘पंधरा दिवसांत पेपर छापून देतो’ असे मेल डिलीट करा.

१७. आईचं ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञांचा एच-इंडेक्स बघून डॉक्टर निवडावा का?

नको. पेपर लिहिणं आणि रात्री अडीच वाजता अवघड श्वासमार्ग सांभाळणं या निराळ्या विद्या आहेत. भूलतज्ज्ञांना भेटायची वेळ मागून घ्या आणि आईची औषधं, अ‍ॅलर्जी, हलणारे दात, आधीच्या भुलीचा अनुभव हे सगळं सांगा. आईला थंडी वाजत असेल तर ओटीबाहेर थांबलेली असतानाच पांघरूण मागा. त्यात भिडेचं काही नाही, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. वयस्कर पेशंट लवकर गार पडतात, स्पायनलमध्येही पडतात.

१८. मागे घेतलेला पेपर साइट झाला असेल तर? आणि तो मागे घेतलाय हे कळणार कसं?

दुर्दैवाने भूलशास्त्र या बाबतीत बदनाम आहे. जपानचे योशिताका फुजी ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर वर्षानुवर्षं ट्रायल छापत राहिले. आकडे संशयास्पद रीतीने सुबक आहेत, असं जर्मनीतल्या संशोधकांनी २००० मध्येच पत्र लिहून दाखवून दिलं होतं. २०१२ मध्ये इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी त्यांच्या १६८ ट्रायलचं संख्याशास्त्रीय विश्लेषण छापलं आणि त्याच वर्षी जपानी भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत २१२ पैकी १७२ पेपरमध्ये बनावट माहिती आढळली. अमेरिकेत स्कॉट रुबेन यांचे वेदनाशामकांवरचे २१ पेपर २००९ मध्ये बनावट निघाले, त्यांना तुरुंगवास झाला. या सगळ्यांचे साइटेशनचे आकडे त्या त्या वेळी डोळे दिपवणारे होते.

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर पेपर उघडा, मागे घेतलेला असेल तर वरच तशी पट्टी दिसते. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहितीसूचीही २०२३ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. जुन्या थिसिसमधून उचललेली संदर्भसूची एकदा तिथून गाळून घ्याच. मागे घेतलेला पेपर मागे घेतला गेला म्हणून लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण तसं वाक्यातच स्पष्ट करा.

१९. माझ्या (अनेक ट्रायलचे आकडे एकत्र करून हिशेब मांडणाऱ्या) मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये अशा लेखकाचे पेपर आहेत, पण सगळेच काही मागे घेतलेले नाहीत. ते ठेवू का?

इथे नियमापेक्षा विवेक लागतो. मागे घेण्याची कारणंही वेगवेगळी असतात. जर्मनीतल्या योआखिम बोल्ट यांचे सुमारे नव्वद पेपर २०११ मध्ये मागे घेतले गेले ते मुख्यतः एथिक्स कमिटीची मंजुरी नव्हती म्हणून. आकड्यांतल्या बनावटीचे प्रश्न त्याआधी आणि नंतरही निघाले. स्टार्च सलाईनच्या, म्हणजे एचईएसच्या, बाजूने बोलणारे पेपर त्यांच्या नावावर ढीगभर होते.

२०१३ मध्ये जामामध्ये आलेल्या झारिचान्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने सरळ वाट धरली. गंभीर आजारी पेशंटच्या ३८ ट्रायल घेतल्या आणि हिशेब दोनदा केला. बोल्ट यांच्या सात ट्रायल धरून मृत्यूचं सापेक्ष प्रमाण १.०७ आलं, आणि विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा, १.०० ते १.१४; खालचं टोक १ ला, म्हणजे ‘फरक नाही’ला, टेकलेलं. म्हणजे काही सिद्ध नाही, असंच वाचलं गेलं असतं. त्या सात वगळल्यावर प्रमाण १.०९ झालं, मर्यादा १.०२ ते १.१७. म्हणजे स्टार्चने मृत्यू वाढतात. वगळलेले पेशंट फक्त ५९०, उरलेले १०,२९०. त्याच वर्षी युरोपात स्टार्चच्या वापरावर निर्बंध आले.

तुम्हीही तसंच करा. दोन्ही हिशेब छापा, वगळलेल्या ट्रायलची यादी द्या, आणि हे दोनदा करणार असल्याचं प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा. निकाल बघून मग वगळलंत तर परीक्षक सोडणार नाही.